मागच्या खोलीत नेट येत नाही

१८ जुलै, शुक्रवार

लग्नात आलेल्या भेटींमध्ये भिंतीवरची घड्याळं निघाली, डिनर सेट निघाले आणि ही डायरी निघाली. घड्याळं आणि डिनर सेट पुढच्या लग्नांना मार्गी लागले. डायरीवर कृषी केंद्राचं नाव छापलेलं असल्यामुळे ती कुणाला देता येईना. म्हणून मीच लिहायला घेतो आहे.

आजची बातमी म्हणजे मिनलला नोकरी लागली. संत्र्याच्या बागायतदारांना सल्ला देणारी कंपनी आहे. शेतकरी बगिच्यात उभा राहून मोबाइलचा कॅमेरा झाडावर धरतो आणि इकडे मिनल पान, फळ, साल बघून झाडाला काय झालं ते सांगते. तिनं फळबागशास्त्रातच एम.एस्सी. केलं आहे. सध्या नोकरी कच्ची. सप्टेंबरच्या सुरुवातीला पुण्याच्या कामिनी मॅडम तिचा एक कॉल स्वतः बघणार, आणि मग पक्कं करायचं की नाही ते ठरणार. मिनल सकाळपासून गुणगुणते आहे. ती गुणगुणते हे मला आजच कळलं.

अडचण एकच आहे. आमच्या मागच्या खोलीत नेट येत नाही.

मी पण घरूनच काम करतो. एका कंपनीचे सर्व्हर चालू आहेत ना, हे दिवसभर बघत बसायचं. ते चालूच असतात. माझं टेबल पुढच्या खोलीत, राउटर त्याच खोलीत. मागची खोली मिनलला, असं मी घर बघतानाच मनाशी ठरवलं होतं. तिला तिची जागा हवी, माझा तिला त्रास नको.

"तोवर मी पुढंच बसू का?" तिनं विचारलं. "तुम्हाले चालन?"

मी म्हटलं, "चार-आठ दिवसांचीच तर गोष्ट आहे. मी करतो तुझी सोय."

ती "बरं" म्हणाली. आमचं अजून फार बोलणं होत नाही, पण घर नीट चाललं आहे.


१९ जुलै, शनिवार

आज घरभर मोबाइल घेऊन फिरलो आणि कुठे किती नेट येतं ते पाहिलं. कारण सापडलं. ही रामदासपेठेतली जुनी इमारत आहे, भिंती दीड विटेच्या. त्यात मधल्या भिंतीला मिनलच्या बाबांनी, महादेवरावांनी, लग्नात दिलेलं लोखंडी कपाट उभं. वायरलेस लहरी आधी कपाटाला धडकतात, मग भिंतीला. पलीकडे पोहोचतात त्या नावापुरत्या.

"मंग कपाट हलवायचं का?" मिनल म्हणाली.

दोघांनी मिळून हलवलं. एका टोकाला ती, एका टोकाला मी. ती मध्येच हसायला लागली, कारण मी "एक, दोन, तीन" म्हणायच्या ऐवजी "रेडी, स्टेडी" म्हणालो. नेटमध्ये फरक पडला नाही. कपाट आता स्वयंपाकघराच्या दारात अर्धं येतं.


२३ जुलै, बुधवार

मिनल पुढच्या खोलीत दिवाणावर मांडी घालून बसते. समोर पाट, पाटावर लॅपटॉप. दिवसभर काटोल, नरखेड, वरुडकडचे लोक तिला फोन करतात.

मधूनमधून ती माईक बंद करून मला विचारते. मी पारशिवनीजवळच्या गावातला, शेतात वाढलेला. ती खाप्याची, नगर परिषदेच्या गावातली. तिचं संत्रं पुस्तकातून आलेलं.

"'झाडानं मान टाकली' म्हणजे पाणी कमी पडलं का जास्त झालं?"

"दोन्ही होऊ शकते. जमीन भेगाळली का ते विचार."

"'जमीन उपळट आहे' म्हणून राहिले ते. म्हणजे काय?"

"खालून पाणी वर येते. पाऊस झाला की आठ दिवस पाय फसते तिथं."

ती मान डोलावते आणि माईक चालू करून "काका, तुमची जमीन उपळट आहे तर..." असं जन्मापासून ठाऊक असल्यासारखं सांगते. मला हसू येतं. कामात थोडा खंड पडतो, पण सर्व्हर चालूच असतात. आज अशा प्रश्नांमुळे माझा चहा दोनदा गार झाला. तिला मागच्या खोलीत निवांत बसता आलं पाहिजे, तिला सारखं असं मला विचारावं लागणं बरं नाही.


२६ जुलै, शनिवार

रिपीटर आणला. छोटी डबी असते, ती अर्ध्या वाटेवरच्या सॉकेटमध्ये लावायची. राउटरकडून नेट घेते आणि पुढे फेकते. स्वयंपाकघराच्या बाहेर लावली. मागच्या खोलीत व्हिडिओ चालला!

मिनलला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हे चांगलं झालं." मग थोडं थांबून, "आजच जाऊ का तिकडं?"

"हो, काहून नाही?"

तिनं पाट उचलला, लॅपटॉप उचलला, आणि गेली.


२९ जुलै, मंगळवार

नेट गेलं म्हणून मिनल दुपारी पुन्हा पुढे आली. बघितलं तर रिपीटरच्या सॉकेटचं बटणच बंद. कुणाचा तरी हात लागला असेल. घरात आम्ही दोघंच, आणि मी तर त्या बाजूला गेलो नव्हतो. सॉकेट जुनं आहे, बटण आपोआप खाली पडत असावं.


२ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा बंद. या आठवड्यात तिसऱ्यांदा. आज सॉकेटच बदललं. मिनल शेजारी स्टुलावर बसून बघत होती. मी स्क्रू मागितला की स्क्रू देत होती.

"खरंच सॉकेट खराब आहे काय?" तिनं विचारलं.

"दुसरं काय असणार?"

ती पदराला, म्हणजे ओढणीला, तोंड पुसत होती. उकडत होतं फार.


४ ऑगस्ट, सोमवार

नवं सॉकेटही बंद सापडलं! आता माझं वायरलेसवरून मनच उडालं. तसंही रिपीटर म्हणजे अर्धा वेग वाटेतच खाऊन टाकतो. आणि पानावरचा ठिपका काळा की तपकिरी हे ज्याला बघायचं आहे त्याला अर्धा वेग उपयोगाचा नाही. आमच्या क्षेत्रात साधा नियम आहे: जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्यावी, जी फिरते तिला वायरलेस. मोबाइल फिरतो, त्याला वायरलेस ठीक. मिनलचा लॅपटॉप एका जागी राहणार, त्याला वायरच पाहिजे.

जेवताना तिला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आणि कुठं बसायचं हेच ज्याचं ठरलं नाही, त्यानं काय करायचं?"

मी म्हटलं, "ठरलं आहे ना. मागच्या खोलीत."

तिनं मला आणखी भात वाढला. मी नको म्हणत असताना.


५ ऑगस्ट, मंगळवार

वायर न्यायची म्हणजे मधल्या भिंतीला भोक पाडावं लागणार. त्यासाठी घरमालकिणीची परवानगी हवी. यमुताई तळमजल्यावर एकट्या राहतात. शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांच्याशी बोलताना मी अजूनही हात पाठीमागे बांधून उभा राहतो.

"भोक केवढं?" त्यांनी विचारलं.

मी करंगळी दाखवली.

"एवढंच ना? मग पाडा की. मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे. फक्त दुपारी पाडू नका, मी झोपते."

फार समजूतदार बाई आहेत. उद्या ड्रिल मशीन आणतो.


६ ऑगस्ट, बुधवार

आश्चर्य आहे. संध्याकाळी मिनल यमुताईंना अळूच्या वड्या द्यायला खाली गेली ती बराच वेळ आलीच नाही. वरपर्यंत दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. नंतर मी ड्रिल मशीन घेऊन जिन्यात शिरलो तर यमुताई दारातच उभ्या.

"भिंतीला भोकबिक पाडायचं नाही हं," त्या म्हणाल्या.

"पण काल तुम्ही..."

"काल मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"भिंतीबद्दल हो," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. आतून खोकल्यासारखा आवाज आला. तब्येत बरी नसावी.

आता जुन्या भिंतीत काय दडलं आहे, देव जाणे.


१० ऑगस्ट, रविवार

जमलं! भिंतीला हात न लावता जमलं. वायर पुढच्या खिडकीतून बाहेर काढली, बाहेरून छज्ज्याखालून फिरवली, आणि मागच्या खिडकीतून आत घेतली. खिडकीशी शिरताना तिला थोडा झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून आत न येता तिथंच ठिबकून जाईल. सकाळपासून दुपार झाली. मिनल खिडकीतून वायर ओढून घ्यायला मदत करत होती आणि दर थोड्या वेळानं, "खाली पाहू नका, पडसान," म्हणत होती.

मागच्या खोलीत तिच्यासाठी जुन्या बाजारातून टेबल आणलं आहे. टेबलावर दिवा ठेवला. वायर लॅपटॉपला जोडली आणि वेग मोजला. पुढच्या खोलीत माझ्याकडे येतो तेवढाच! एक कणही कमी नाही.

मी तिच्याकडे बघितलं. ती त्या टेबलाकडे बघत होती.

"इतकी मेहनत केली तुम्ही," ती म्हणाली.

"आता तुले कोणाची कटकट नाही," मी म्हटलं.

फार समाधान वाटलं. आज झोप छान लागेल.


१४ ऑगस्ट, गुरुवार

वायर उत्तम चालू आहे. मिनल सकाळी दार लोटून बसते ती जेवायलाच उठते. तिचं बोलणं ऐकू येत नाही, इतक्या भिंती जाड. माझा चहा आता गरम असतानाच पिऊन होतो.

तीन-चार दिवस छातीत काहीतरी जड वाटतं आहे. ॲसिडिटी असावी. गोळी घेतली.


१८ ऑगस्ट, सोमवार

मिनल गप्प गप्प आहे. गुणगुणणंही बंद. मला वाटलं नेट तुटत असेल आणि संकोचानं सांगत नसेल. विचारलं तर म्हणाली, "नाही, चांगलं आहे." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. तरी मी वायरच्या दोन्ही टोकांच्या पिना नव्या बसवल्या. वेग मोजून तिला आकडा दाखवला. ती म्हणाली, "हो, दिसते मले."

कामावरही तिचं लक्ष नाही म्हणे. एका बागायतदाराला तिनं फवारणीचं औषध चुकीचं सांगितलं आणि लगेच फोन करून दुरुस्त केलं. हे तिनंच सांगितलं, आणि डोळे पाणावले तिचे. कामिनी मॅडमचा कॉल जवळ आला आहे. मी काय करू ते सुचत नाही. वायर याहून चांगली मिळत नाही.

गोळ्यांनी फरक नाही.


२१ ऑगस्ट, गुरुवार

मिनल खाप्याला माहेरी गेली. पोळ्याला जाते म्हणाली, आणि काही दिवस तिथूनच काम करते. मी बसस्टँडवर सोडायला गेलो. बस सुटताना ती खिडकीतून म्हणाली, "जेवून घेत जा." मी म्हटलं, "तिथं राउटरजवळच बस, लांब बसू नको."

घरी आलो. मागच्या खोलीत जाऊन वायर तपासली. ठीक आहे.


२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. आज माझी ड्युटी, म्हणून पारशिवनीलाही जाता आलं नाही. भावानं सजवलेल्या बैलांचे फोटो पाठवले.

दुपारी मिनलला फोन केला.

"तिथं नेट कसं आहे?"

"चांगलं आहे."

"वेग किती येते? मी लिंक पाठवतो, त्याच्यावर दाब फक्त, आकडा येईन."

तिकडे फोन हातातून हातात गेला. मग फोनवर सासूबाईंचा, प्रेमिलाबाईंचा आवाज आला. "जवाईबापू, राग नका मानू, पण तुम्ही हे नेट नेट काय लावलं? पोरगी दोन दिसांची आली, धड जेवत नाही. तिले कसं वाटते हे एकदा तरी विचारा ना!"

मी म्हटलं, "हो, विचारतो." त्या म्हणाल्या, "फोनवर नका विचारू."

कालपासून घरात स्वतःच्याच खुर्चीची करकर ऐकतो आहे.


२४ ऑगस्ट, रविवार

सकाळच्या बसनं खाप्याला गेलो. जाताना लॅपटॉपला वायर जोडायचा एक नवा अडॅप्टर घेतला, कारण दोष मिनलच्या लॅपटॉपमध्येही असू शकतो. सासूबाईंनी पाणी दिलं आणि पिशवीतून काय काढतो आहे ते बघत राहिल्या. मी अडॅप्टर काढला. त्यांनी कपाळावर हात मारला. आत जाऊन सासऱ्यांना काहीतरी सांगितलं. महादेवराव एकदम मोठ्यानं हसले आणि मग खोकल्यासारखं केलं.

"तुम्ही दोघं कन्हानकडून फिरून या," सासूबाई म्हणाल्या. "मले स्वयंपाक करू द्या."

नदीला पाणी भरपूर होतं. काठाच्या दगडावर बसलो. मी सरळ विचारलं.

"मागच्या खोलीत नेट तुटून राहिलं काय?"

"नाही."

"हळू चालते?"

"नाही. लय जोरात चालते."

"मंग?"

ती पाण्याकडे बघत होती. "मले तिथं करमत नाही."

इतके दिवस मी नेट तपासलं, सॉकेट तपासलं, पिना तपासल्या. करमतं की नाही हे मोजायचं कुठलं यंत्र माझ्याकडे नव्हतं.

"पुढं बसत होते तेव्हा चांगलं होतं," ती म्हणाली. "तुमची खुर्ची वाजायची. कोणाशी तरी इंग्रजीत बोलायचे तुम्ही. मी काही विचारलं का लगेच सांगायचे. मले वाटे, आपण दोघं मिळून काहीतरी करून राहिलो. लग्नानंतर पहिल्यांदा तसं वाटलं. आन् तुम्ही मले मागं धाडायले निघाले. उन्हात खिडकीले लटकून! मंग मले वाटलं, माझी कटकट होत असन."

"कटकट? मले वाटलं तुले माझी होते."

"मंग विचारलं काहून नाही?"

"तू सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? जेव्हा विचारलं तेव्हा तुम्ही स्पीड विचारला!"

मग ती खाली बघून म्हणाली, "त्या डबीचं बटण मीच बंद करत होती."

"काय?"

"आन् यमुताईले भोक पाडू देऊ नका म्हणून मीच सांगितलं."

"मिनल, मी सॉकेट बदललं त्याच्यासाठी."

"हो. मी स्क्रू दिले ना."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला हसू आवरेना. मग मी म्हटलं, "दहा दिवस मी ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन राहिलो. छातीत जड वाटत होतं. तू मागं गेली तेव्हापासून." हे म्हणत असतानाच मला ते समजलं. ती इतकी हसली की तिला माझ्या खांद्याला धरावं लागलं. पलीकडे कपडे धुणाऱ्या बाया आमच्याकडे बघायला लागल्या, तरी तिनं हात काढला नाही.

परत येताना वाटेत ती गुणगुणत होती. सासूबाईंनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुरणाचं ताट वाढलं. अडॅप्टर तिथंच विसरलो.


२६ ऑगस्ट, मंगळवार

मागचं टेबल पुढच्या खोलीत आणलं. दारातून जाईना, कारण कपाट आडवं; नेताना पाय सुटे करून नेलं होतं. कपाट पुन्हा जागेवर नेलं, मग टेबल. या वेळी "एक, दोन, तीन" म्हणालो.

दोन टेबलं, बसलो की आमची पाठीला पाठ. बाहेरून फिरवलेली वायर काढून टाकली. राउटरपासून हातभर लांबीची वायर तिला, हातभर मला. वायर की वायरलेस, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते अजूनही वायरच आहे. फक्त ती कुठपर्यंत न्यायची, हे आधी विचारून घ्यावं.

यमुताई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "जमलं का?" मी "हो" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मुलांना नकाशा वाचता येतो, पण शेजारचं गाव कुठलं ते सांगता येत नाही," आणि भाजी घ्यायला निघून गेल्या.


२ सप्टेंबर, मंगळवार

कामिनी मॅडमचा कॉल झाला.

सकाळपासून मी सगळी तयारी केली होती. मोबाइल नेटवरून काढले, माझा लॅपटॉप बंद ठेवला, वायर दोनदा काढून घट्ट लावली. मिनल नवी साडी नेसली आणि मग तिनं ती बदलून रोजचा ड्रेस घातला. म्हणाली, "साडीत मी मले पाहुणी वाटते."

मॅडम पडद्याच्या कोपऱ्यात बसल्या. काटोलकडचे एक म्हातारे बागायतदार, लहानूजी नावाचे, त्यांचा फोन जोडला गेला. झाड दिसलं, खोड दिसलं, आणि एकदम सगळ्याचे चौकोन झाले. आवाज येत होता, चित्र गोठलेलं. मी धावत राउटरकडे गेलो. आमच्याकडे सगळं ठीक होतं. दोष त्यांच्या बगिच्यातल्या मोबाइलच्या रेंजचा. आता माझी वायर काय करणार! मिनलकडे बघायची हिंमत होईना.

ती मात्र शांत होती. "काका, कॅमेरा बंद करा. नुसतं बोला. आता तुमचे डोळे तेच माझे डोळे. झाडाजवळ बसा बरं."

"बसलो वं बाई."

"बुडाशी साल पाहा. डिंक सुटला काय?"

"सुटून राहिला ना. मधासारखा."

"नखानं थोडी साल खरवडा. आतून कशी आहे? हिरवी का तपकिरी?"

थोडा वेळ नुसता खरवडल्याचा आवाज. मग, "तपकिरी. ओली लागते. अन् वास आंबूस येते."

"कलमाचा जोड दिसते, का मातीखाली गेला?"

"मातीत दबला थो. पोरानं भर घातली होती."

"तिथंच गडबड झाली काका. ती माती काढा, जोड उघडा करा. सडलेली साल कोयत्यानं हळूच खरवडून टाका आणि मोरचूद-चुन्याची पेस्ट लावा. पाणी बुडाशी देऊ नका, थोडं दूर आळं करून द्या. एकच झाड आहे का शेजारची पण?"

लहानूजी उठून शेजारची झाडं बघून आले. आणखी दोन निघाली. मिनलनं त्यांच्याकडून सगळं परत म्हणून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "न पाहता सांगितलं वं पोरी. डॉक्टर पण हात धरून पाहते."

कामिनी मॅडम म्हणाल्या, "चित्र गेल्यावर बाकीच्या मुली फोन ठेवतात. नंतर करा म्हणतात." मग म्हणाल्या की कागदपत्रं उद्या येतील. नोकरी पक्की.

मॅडम गेल्यावर मिनलनं लॅपटॉप मिटला आणि खुर्चीसकट माझ्याकडे वळली. मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "पाहिलं ना तू?"

तू म्हणाली. आनंदाच्या भरात निसटलं असेल. मी टोकलं नाही.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज आमचं पहिलं भांडण झालं.

मिनल कळमेश्वरकडच्या एका बागायतदाराशी बोलत होती. त्यांची फळगळ थांबेना. ती खतांबद्दल विचारत होती. मी मान वळवली तर तिच्या पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, झाडांमधल्या मातीवर शेवाळ धरलेलं. मी वाट बघितली. मग राहवेना. मोठ्यानं म्हटलं, "काका, पाणी तुंबून राहिलं तिथं. आधी चर काढा!"

फोनवरून आलं, "हा मागून कोण बोलून राहिला मॅडम?"

"नवरा आहे माझा," मिनल म्हणाली. "लक्ष नका देऊ." आणि मग तिनं त्यांना चर काढायलाच सांगितलं, पण शेवाळ कुठपर्यंत आहे, उतार कुठल्या बाजूला आहे, हे सगळं नीट विचारून.

कॉल संपला तशी ती माझ्याकडे वळली. "तू मधात काहून बोलला?"

"बरोबरच सांगितलं ना मी?"

"मी तिथंच येऊन राहिली होती! तुझा तो साहेब बोलते तेव्हा मी बोलते का मधात? तुझे सर्व्हर बंद पडले तर मी सांगते का हे बटण दाब, ते दाब?"

"सर्व्हर बंद पडतच नाही."

"पडले तर!"

मी म्हटलं, तिचा आवाजही जरा मोठा असतो, माझ्या मीटिंगमध्ये परवा सगळ्यांना नागअळीबद्दल कळलं. ती म्हणाली, पंखा मी नेहमी पाचवर ठेवतो, तिचे कागद उडतात, ती रोज गप्प बसते. मी म्हटलं, मग सांगायचं. ती म्हणाली, "आता सांगून राहिली ना!"

मग दोघंही वळलो आणि आपापल्या पडद्यांकडे बघत बसलो. पाठीला पाठ. ती रागानं टाइप करत होती, इतक्या जोरात की टेबल हलत होतं. तिला उठून मागच्या खोलीत जाता आलं असतं. मलाही जाता आलं असतं. तिथं दार लावून घेता येतं, पंखा आहे, शांतता आहे.

कुणीच गेलं नाही.

जेवायच्या वेळी तिनं न वळताच विचारलं, "वांगं खाणार का पिठलं?"

"पिठलं," मी म्हटलं, आणि उठून पंखा तीनवर केला.

"दोनवर," ती म्हणाली.